बोटीवर धरलेली जागा

नमस्कार मंडळी. इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसायला मिळतं म्हणून वाचतो. घाटात बंद पडलेली जीप, अमावास्या, पांढरी साडी, "मागे वळून बघू नकोस" म्हणणारा वाटेवरचा म्हातारा... ही सगळी आता माझ्या घरच्यासारखी झाली आहेत. माझी बायको शैला हे असले किस्से वाचून घाबरायची आणि मी तिला चिडवायचो, की भुतांना लोकांच्या गाड्या बंद पाडण्याशिवाय दुसरा काही उद्योग नाही का?

मी भूलतज्ज्ञ. लीड्सला एका हॉस्पिटलमध्ये भूल देण्यातच सगळी नोकरी गेली. भुलीतून बाहेर येताना माणसं काय काय बघतात ते मी रोज ऐकलंय. एका आजोबांना छतावर त्यांचं मेलेलं मांजर दिसायचं आणि ते त्याला दूध द्या म्हणून नर्सच्या मागे लागायचे. त्यामुळे "डॉक्टर, मी डोळ्यांनी बघितलं" या वाक्याची माझ्यालेखी फारशी किंमत नाही. आणि गंमत बघा — माझ्या अनुभवात मला काहीच दिसलं नाही. तीच तर सगळी रड आहे.

रात्र नव्हती, हेही आधीच सांगून टाकतो. जूनमधला शनिवार, सकाळचं लख्ख ऊन, थेम्स नदी, आणि बोटीवर मिळणारे स्कोन आणि जॅम. भुताला यायला याहून वाईट मुहूर्त मिळाला नसता.

शैला जाऊन तेव्हा दीड वर्ष होत आलं होतं. हार्टचं निमित्त झालं, फार दिवस काढले नाहीत तिनं. सुरुवातीचे काही महिने ती डोळ्यांसमोरून हलत नव्हती. मग हळूहळू उलटंच व्हायला लागलं. तिचा चेहरा आठवायला गेलो की चेहरा यायचाच नाही, फोटो यायचा. हॉलमधल्या भिंतीवरचा फोटो, पासपोर्टवरचा फोटो, लेकीच्या लग्नातला फोटो. आणि शैला फोटोत कधीच शैलासारखी दिसली नाही हो. कॅमेरा समोर आला की ओठ गच्च मिटून, मान ताठ करून उभी राहायची, इमिग्रेशनच्या काउंटरवर उभी असल्यासारखी. व्हिडिओ म्हणाल तर घरात फोन धरणारी तीच. त्यामुळे आमच्या प्रत्येक व्हिडिओत मी आहे, लेक आहे, नातू आहे, आणि मागून तिचा नुसता आवाज — "अहो, जरा डावीकडे सरका."

स्मरणशक्ती अशीच वागते हे डॉक्टर म्हणून मला ठाऊक आहे. ठाऊक असून उपयोग काय? मला माझ्या बायकोचा हलता-बोलता चेहरा हवा होता. एकदाच, जास्त नाही. रात्री झोपताना मी डोळे मिटून तो जुळवत बसायचो. नाक आठवायचं, टिकली आठवायची, पण सगळं मिळून ती काही तयार व्हायची नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, लेकीलाही नाही.

लेक रेवती. जन्म लीड्सचा, आता रीडिंगला असते, आयटीत आहे. मी तिच्याकडे महिनाभर राहायला गेलो होतो. तिचं मराठी आम्ही दोघांनी मारून मुटकून शिकवलंय, पण लिंगाची तिची भांडणं अजून मिटलेली नाहीत. एक दिवस ब्रेकफास्टला म्हणाली, "बाबा, तुम्ही त्या सोफ्यावर बसून बसून फर्निचर होणार. मी तिकीट बुक केलंय. कॅव्हरशमपासून हेन्लीपर्यंत बोट जातो. एकदम रिलॅक्सिंग असतो."

"मी काय करू बोटीत जाऊन?"

"नथिंग. तोच तर पॉइंट आहे." मग थोडं थांबून म्हणाली, "आईला क्रूझ करायची होती ना?"

होती. ऱ्हाईन नदीवरची. लीड्समधल्या आमच्या डॉक्टर मंडळींपैकी निम्मे लोक ती करून आले होते आणि शैलानं त्या सगळ्यांचे फोटो तीन-तीनदा बघितले होते. आम्ही वसंतातली बोट बघूनही ठेवली होती. ऱ्हाईन नाही तर नाही, थेम्स तर थेम्स. नातवाचा पोहण्याचा क्लास असल्यामुळे ती दोघं नंतर गाडीनं थेट हेन्लीला येणार होती आणि मला एकट्यालाच बोटीनं जायचं होतं.

आता रुमालाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी सांगलीकडचा. आमच्याकडे एसटी स्टँडवर गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकायचा, की जागा आपली. त्या रुमालाला कोर्टाच्या स्टे ऑर्डरएवढा मान असतो, कुणी हात लावत नाही. लग्नानंतर मी सगळीकडे आधी धावून रुमाल टाकायचो आणि शैला मागून सावकाश यायची, कारण वाटेत तिला कुणी ना कुणी बोलायला भेटलेलं असायचं. इंग्लंडला आलो तरी ही सवय सुटली नाही. पहिल्याच उन्हाळ्यात स्कारबराच्या ट्रेनमध्ये मी शेजारच्या सीटवर ऐटीत रुमाल टाकला. एका साहेबानं तो अदबीनं उचलून माझ्या हातात दिला, तुमचा पडला वाटतं म्हणाला, आणि त्या जागेवर बसला. शैला दारात उभी राहून हसत होती. त्या दिवसापासून ती मला सगळीकडे मुद्दाम विचारायची, "धरलीत का जागा? की साहेबानं रुमाल परत दिला?" एअरपोर्ट असो, मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम असो, माझा रुमाल आधी बसायचा आणि मग ती.

तर त्या शनिवारी रेवतीनं मला कॅव्हरशमला धक्क्यावर सोडलं. बोट दुमजली होती, खाली काचा लावलेला हॉल आणि वर उघडा डेक. मी वर गेलो, कठड्याजवळचं दोघांचं बाकडं पकडलं, नदीच्या बाजूला मी बसलो आणि शेजारी रुमाल पसरला.

मी तो ठरवून टाकला नाही, शपथेवर सांगतो. खिशात हात गेला, रुमाल निघाला, झटकला आणि पसरला. ती गेल्याचं माझ्या हाताला बहुतेक कुणी कळवलं नव्हतं. लक्षात आलं तेव्हा मी तो उचलायला गेलोच, तेवढ्यात कुत्रा घेऊन आलेल्या एका माणसानं विचारलं, इथं कुणी बसलंय का? आणि माझ्या तोंडून निघून गेलं — "माय वाइफ इज जस्ट कमिंग."

जीभ चावली, पण आता उशीर झाला होता. तो सॉरी म्हणून पुढे गेला. आता रुमाल काढावा तर तो मला खोटारडा म्हणणार. मी तसाच बसून राहिलो. आणि, कसं सांगू... "ती येतेय" असं मोठ्यानं म्हणायला मिळालं याचं जरा बरंही वाटलं. किती दिवसांत म्हणालो नव्हतो.

आमच्या समोरच्या बाकावर, माझ्याकडे तोंड करून, एक इंग्लिश आजी बसल्या होत्या. माझ्याहून चांगल्या दहा वर्षांनी मोठ्या, हातात काठी, डोक्यावर गवती टोपी. नाव जीन. ते मला नंतर कळलं. सुरुवातीला आम्ही नुसतं हवेवर बोललो. या देशात त्याला ओळख झाली असं म्हणतात.

बोट निघाली. रेवती म्हणाली ते खोटं नव्हतं. काठाकाठानं विलोची झाडं पाण्यात वाकलेली, बदकं, कुणाकुणाच्या बंगल्यांच्या हिरवळी थेट नदीपर्यंत उतरलेल्या. इंजिनाचा आवाज इतका हळू की डुलकी लागावी. चहाची ऑर्डर घेणारी मुलगी वर आली. मी चहा सांगितला आणि वर ठणकावून सांगितलं, दोन चमचे साखर. मला डायबेटिस आहे. पण विचारणारं कोण होतं आता?

पुढे सॉनिंगचं लॉक आलं. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो — लॉक म्हणजे नदीतली लिफ्ट. बोट एका दगडी हौदात शिरते, मागचं दार बंद होतं, हौदातलं पाणी हळूहळू सोडतात, बोट खाली उतरते आणि मग पुढचं दार उघडतं. मला असल्या गोष्टी बघायला फार आवडतं. मी उठून डेकच्या टोकाला गेलो आणि पाणी उतरेपर्यंत तिथंच उभा राहिलो. जागा जाण्याची भीती नव्हती, रुमाल होता ना.

परत आलो तर समोरच्या छोट्या टेबलावर दोन कप. चहावाली मुलगी ट्रे घेऊन खाली निघालीच होती. मी तिला थांबवून म्हणालो की मी एकच चहा सांगितला होता.

"दुसरा तुमच्या मिसेसचा," ती म्हणाली. हे सगळं बोलणं इंग्रजीतलं, मी मराठीत सांगतोय. "त्यांना चांगला कडक गरम हवा होता, म्हणून पाणी परत उकळून आणलं. आणि तुमच्यात साखर घातलेली नाही हं. त्या नको म्हणाल्या."

मला हसावं की रडावं कळेना. मी विचारलं, "कोण म्हणालं?"

"तुमच्या मिसेस. इथं बसल्या होत्या त्या." तिनं रुमालाकडे हात केला. "तुम्ही तिकडे लॉक बघत होतात तेव्हा."

ती गेली. मी चहाचा घोट घेतला. साखर नव्हती.

पहिली गोष्ट, मी घाबरलो नाही. मी चिडलो. मला वाटलं, मघाशी "वाइफ येतेय" म्हणालो ते या पोरीनं ऐकलं असणार आणि दुसऱ्याच कुणा भारतीय बाईंची ऑर्डर माझ्या नावावर टाकली असणार. सरळ हिशोब होता. मी तरातरा खाली गेलो. खालच्या हॉलमध्ये कुणाच्या तरी वाढदिवसाची पार्टी चालली होती, फुगे लावलेले, आणि कोपऱ्यात बाबागाडी घेऊन एक जोडपं. सगळे गोरे. टॉयलेटचं दार उघडं होतं, आत कुणी नव्हतं. वर येऊन मी डेकवरच्या सगळ्या बाकांवरून नजर फिरवली. त्या बोटीवर सावळा असा मी एकटाच होतो. आणि कॅव्हरशम सोडल्यापासून बोटीतून कुणी उतरलं नव्हतं.

मी जागेवर येऊन बसलो. रुमाल होता तसाच होता.

जीन आजी माझ्याकडे बघून हसल्या. म्हणाल्या, "सापडल्या नाहीत का? जरा पाय मोकळे करायला गेल्या असतील. फार गोड आहेत हो तुमच्या मिसेस. आमच्या छान गप्पा झाल्या."

माझ्या अंगावर काटा आला तो तेव्हा.

मी म्हणालो, "कशाबद्दल गप्पा झाल्या?"

"सगळ्याबद्दलच. माझा गुडघा, त्यांचा नातू. शाळेच्या कँटीनमध्ये होत्या ना त्या? पोरं भाज्या टाकून द्यायची म्हणून कशी फसवून खायला घालायच्या ते सांगत होत्या." मग त्या म्हणाल्या, "यॉर्कशरचे का तुम्ही? प्रत्येक वाक्यात मला 'लव्ह' म्हणत होत्या. मला माझी लीड्सची मावशी आठवली."

मंडळी, मी त्या बोटीवर लीड्सचं नाव काढलं नव्हतं. शाळेचं तर नाहीच. शैला आमच्या भागातल्या एका प्रायमरी शाळेत डिनर लेडी होती, म्हणजे दुपारी मुलांना जेवण वाढायची. तिथंच ती इंग्रजी शिकली, त्यामुळे तिचं इंग्रजी पक्कं यॉर्कशरचं होतं, जिथं आपण 'बाळा' म्हणावं तसं कुणालाही 'लव्ह' म्हणतात. बसवाल्याला लव्ह, आमच्या जीपी डॉक्टरला लव्ह, एकदा तर माझ्या हॉस्पिटलच्या सर्वांत मोठ्या साहेबालाही लव्ह. मी किती वेळा तिला सांगितलं असेल, की अगं असं सगळ्यांना म्हणत नाहीत. ती म्हणायची, "तुम्हाला कुठं म्हणते?"

ती गेली आहे, हे मला जीन आजींना सांगता आलं नाही. सांगितलं की संपलं, असं वाटलं. त्या घाबरल्या असत्या, किंवा त्याहून वाईट म्हणजे म्हणाल्या असत्या की माझीच काहीतरी गल्लत झाली असेल. मला ती गल्लत नको होती. आयुष्यभर पुरावा मागत आलेला माणूस मी, पण त्या घटकेला कुणी पुरावा तपासू नये असं मला वाटत होतं.

शिपलेकचं लॉक आलं. मी उठलो नाही. लोक कठड्याशी गोळा झाले, जीन आजीही काठी टेकत तिकडे गेल्या आणि आमच्या बाकापाशी कुणी राहिलं नाही. मी रुमालाकडे बघत हळूच म्हणालो, "शैला, आहेस का गं?"

काही झालं नाही. ऊन होतं, रुमाल होता, दुसऱ्या कपातल्या चहावर साय धरायला लागली होती. मी म्हणालो, "साखर नाही घातली. प्यायलो." मग म्हणालो, "एकदा दिस ना. सगळ्यांना दिसलीस. त्या चहावालीला दिसलीस. मी काय असं पाप केलंय?" एवढ्या वयाचा माणूस, भर उन्हात, एका रुमालाशी मराठीत बोलत बसला होता. कुणी बघितलं असतं तर रेवतीला फोन गेला असता. मी बाकावर हात ठेवून बघितला. बाक गरम होतं, पण ते उन्हानंही असेल. माझ्या बाजूचंही गरमच होतं.

वारग्रेव्ह मागे पडलं. नदी तिथं फार सुंदर आहे म्हणतात. मी नदी बघितलीच नाही. मी डोळे मिटले, की मिटल्यावर तरी दिसेल. आला तो हॉलमधला फोटो. मान ताठ, ओठ मिटलेले. मला इतका राग आला त्या फोटोचा, की तो समोर असता तर भिंतीवरून काढून नदीत टाकला असता.

जीन आजी परत येऊन बसल्या तेव्हा मी मनाशी ठरवलं. मला दिसत नाही ना, ठीक आहे. यांना दिसलंय. पेशंटला आठवत नसलं की आपण नातेवाइकांना विचारतोच की. मी त्यांना म्हणालो, "तुम्हाला विचित्र वाटेल, पण माझी बायको दिसते कशी ते मला सांगाल का? एखाद्या परक्या माणसाला ती कशी दिसते, ते मला ऐकायचंय."

त्यांना विचित्र वाटलं नाही. उलट गंमत वाटली. म्हणाल्या, "बायकोला बरं वाटावं म्हणून विचारताय होय? साडी, वर निळा कार्डिगन, पायात स्पोर्ट्स शूज."

मी मनात म्हटलं, हे खरं असेलही, पण अशा बायका लंडनच्या देशी वस्तीत, वेम्बलीत, पायलीला पन्नास मिळतील. माझा चेहरा पडलेला त्यांना दिसला असावा. त्या जरा विचारात पडल्या.

"हसतात कशा सांगू का?" त्या म्हणाल्या. "आधी एकदम हसतात. मग मध्येच थांबतात, इकडे तिकडे बघतात, की दुसरं कुणी हसतंय का. आणि कुणी हसत नसलं ना, तर मग त्याचंच त्यांना जास्त हसू येतं. तेव्हा त्यांचा एक डोळा पूर्ण मिटतो. हा, डावा. मी त्यांना म्हटलंसुद्धा, की तुम्ही मला डोळा मारताय असं लोकांना वाटेल."

आणि ती आली.

बाकावर नाही. माझ्या डोळ्यांत आली. स्कारबराच्या ट्रेनचं दार, हातात पिशव्या, तो साहेब माझा रुमाल मला परत देतोय, आणि शैला हसतेय, थांबतेय, डब्यात इकडे तिकडे बघतेय, आणि पुन्हा दुप्पट हसतेय, डावा डोळा मिटून. गालावर आलेली केसांची बट ती मनगटानं मागे सारतेय, कारण हातात पिशव्या आहेत. ती बटसुद्धा मी विसरून गेलो होतो. दीड वर्ष मी नाक आणि टिकली जुळवत बसलो होतो, आणि एका परक्या बाईनं दोन वाक्यांत तिला माझ्यासमोर उभी केली.

मी रडलो. लाज वाटली नाही. जीन आजींनी पर्समधून टिश्यू काढून दिला आणि त्या नदीकडे बघत बसल्या. इंग्लिश माणसाच्या या एका गुणाला मी आयुष्यभर नावं ठेवली होती.

मार्श लॉक गेलं, हेन्लीचा पूल दिसायला लागला. लोक उठून पिशव्या सावरायला लागले. जीन आजींना न्यायला त्यांची भाची धक्क्यावर आली होती, त्यांना काठी घेऊन जिना उतरायचा होता म्हणून मी हात दिला. उतरता उतरता त्या अगदी सहज बोलल्या, आपण निरोप घेताना काहीबाही बोलतो ना, तसं.

"मी त्यांना म्हटलं होतं हो, की तुमचे मिस्टर तिकडे लॉक बघतायत, तुम्हीही जा ना, मजा असते. तर नाही म्हणाल्या. 'मी लॉक बघायला नाही आले, लव्ह. मी त्यांना बघायला आलेय.' " मग हसून म्हणाल्या, "तुम्ही बारीक झालात म्हणत होत्या. आणि ही दाढी आवडलेली दिसली नाही त्यांना."

भाचीनं त्यांचा हात धरला आणि त्या गेल्या. मी तिथंच उभा. चहावाली मुलगी दोनदा येऊन गेली, की सर, उतरायचंय, बोटीला परत फिरायचंय. शेवटी मी वर जाऊन रुमाल उचलला. त्याला कसलाही वास वगैरे येत नव्हता, हेही सांगून टाकतो. नुसता रुमाल होता.

रेवतीला मी त्याच दिवशी संध्याकाळी सांगितलं. वाटलं होतं, मला डॉक्टरकडे घेऊन जाईल. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबा, तो हसू कसा होता? परत सांगा." मी परत सांगितलं. मग तिनं स्वतः करून बघितलं, थांबणं, इकडे तिकडे बघणं, डोळा मिटणं. तिला जमेना. आम्ही दोघंही किचनमध्ये बसून हसत होतो आणि रडतही होतो.

माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. सायन्सवाले मित्र म्हणतील की मी स्वतःच नकळत लीड्स बोलून गेलो असेन. असेनही. चहावालीची ऑर्डरची चूक असेल. पण डाव्या डोळ्याचं काय? तो कोणत्याही फोटोत नाही, कोणत्याही व्हिडिओत नाही, आणि मला स्वतःलाही आठवत नव्हता. जे माझ्याच डोक्यात नव्हतं ते त्या आजींनी कुठून आणलं? जीन आजींचं आडनाव मी विचारलं नाही, नंबर घेतला नाही. सुचलंच नाही.

मी दीड वर्ष एकच धरून बसलो होतो, की मला ती दिसत नाही. ती कुठून तरी मला बघायला तळमळत असेल, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. त्या सबंध नदीभर मी तिला शोधत होतो, आणि ती माझ्या शेजारी बसून मला बघत होती. तिचं काम झालंही होतं.

पुढच्या शनिवारी मी त्याच बोटीनं परत गेलो. तेच बाकडं मिळालं. प्रत्येक लॉकच्या वेळी मी उठून कठड्याशी जाऊन उभा राहिलो, बोटीकडे पाठ करून, पुरेसा वेळ. परत आलो तेव्हा एकच कप होता. समोरच्या बाकावर एक तरुण जोडपं फोनमध्ये डोकं घालून बसलं होतं, त्यांना मी काही विचारलं नाही. ती आली होती की नाही ते मला कळायला काही मार्ग नाही, आणि पुढेही नसेल.

मी मात्र सकाळी दाढी केली होती. दोनदा.